पारससाठी मशीन

पुणे, १३ जुलै

भैय्या,

तुझा निरोप मिळाला. तुमच्याकडे दर्शनाला आलेल्या कारंज्याच्या मंडळींनी तो मम्मीला सांगितला, मम्मीने मला. दीक्षेला घरच्यांची संमती लागते, पप्पा ती देत नाहीत, तर टीनाने त्यांना समजवावं. बस, एवढंच. टीना कशी आहे, हे त्यात नव्हतं. असलंच तर माझ्यापर्यंत येताना वाटेत गळालं असेल.

तू गेलास तेव्हा मला कळवलं नव्हतंस. मी ऑफिसात एका क्लॅम्पचं ड्रॉइंग तपासत होते. मम्मीचा फोन आला की पारस मुनिसंघात गेला, ब्रह्मचर्य व्रत घेतलं, मोबाइल टेबलावर ठेवून गेला. त्याला तीन वर्षं होतील. आता मी मध्ये पडावं असं तुला वाटतं. मी पडणार नाही. पण चातुर्मासभर संघ एका गावी आहे आणि तिथला पत्ता माझ्याकडे आहे, तेव्हा इकडे काय चाललंय ते कळवत राहीन. ते मला जमतं. कामातही मी तेच करते.

तर बातमी अशी. मागच्या महिन्यात पप्पांचा फोन आला. मला, थेट. एरवी मम्मी लावते आणि ते मागून बोलतात.

"टीना, तुह्यी कंपनी कट्टे उचलाची मशीन बनोते का?"

मी आठ वर्षं मेकॅनिकल डिझाइनमध्ये आहे. नेमकं काय करते, हे पप्पांनी कधी विचारलं नव्हतं. पाहुण्यांना ते सांगतात, पोरगी कम्प्युटरवर असते. त्यामुळे मला उत्साह आला आणि मी जरा जास्तच बोलले. कारखान्यात जे काम माणसं हातानं करतात, उचलणं, फिरवणं, बसवणं, ते मशीननं कसं करायचं हे मी ठरवते. प्रत्येक भाग काढते. कुठला पत्रा, किती जाड, कुठे वाकेल, कुठे घासेल, सगळं. पप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "मंग आपल्या मिलमधी बसव. पारस त्या कट्ट्यायपायी गेला. कट्टे उचलणं बंद झालं का येईन तो."

लखमाचं त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. त्या पावसाळ्यात गोदामातली पोत्यांची थप्पी सरकली तेव्हा तू तिथे होतास. मी फक्त ऐकलं आहे. डाळीचे कट्टे छताजवळपर्यंत रचलेले, आणि खाली आपला हमाल लखमा. नंतर तू मिलमध्ये बसेनासा झालास आणि पुढे निघून गेलास. पप्पांनी दोन्हींची बेरीज करून टाकली. मीही तीच केली होती, हे लिहून ठेवते.

ऑर्डर आली आहे. पप्पांनी घासाघीससुद्धा केली नाही. कंपनीने डिझाइनची जबाबदारी मला दिली. आजवर मी दुसऱ्यांच्या मशीनचे तुकडे काढत आले. ही पहिली, जी पहिल्या रेघेपासून माझी असेल.

तब्येत सांभाळ. एकदाच जेवतोस असं मम्मी म्हणते.

टीना


कारंजा, ३ ऑगस्ट

भैय्या,

मोजमापाला आले आहे. गोदामाचे खांब एका ओळीत नाहीत आणि फरशीला नालीकडे उतार आहे. जन्मल्यापासून त्या फरशीवर खेळले, उतार कधी जाणवला नाही. लेव्हल ठेवली आणि बुडबुडा सरळ कडेला गेला. म्हणून मशीनच्या पायांना खालीवर करता येतील असे बोल्ट देते आहे.

काम काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. डाळ भरून शिवलेला कट्टा पट्ट्यावरून येईल. टोकाला एक ग्रिपर असेल, म्हणजे लोखंडी बोटांचे दोन पंजे. तो कट्ट्याच्या पोटाखाली बोटं घालेल, उचलेल, वळेल आणि लाकडी पाटावर ठेवेल. एक थर आडवा, एक उभा. थप्पी पुरुषभर झाली की पाट बाहेर. त्याच्या वर थप्पी जाणारच नाही, तशी मर्यादा मी मशीनमध्येच घातली आहे. सगळ्याभोवती जाळीचं कुंपण आणि एक गेट. गेट उघडलं की मशीन जागच्या जागी थांबते.

पप्पा दोन दिवस माझ्यामागे टेप धरून फिरले. त्यांच्या मनात मशीनपेक्षा केबिन जास्त आहे.

"वरती काचेची केबिन पाह्यजे. एसी लाव. पारसले धुळीनं शिंका येतात."

मी म्हटलं, पप्पा, मशीन चालवणारा माणूस मशीनजवळच लागतो. काही अडकलं तर त्याला दिसलं पाहिजे. पॅनल खालीच राहील.

"चालोनारा राहू दे ना खाली. पारस चालोनारा आहे का? तो वरतून पाहीन."

मग टेबल किती उंच, तर तुझ्या उंचीच्या मानानं. खुर्ची कुठल्या बाजूला, तर खिडकीकडे, तुला उजेड आवडतो म्हणून. तू परत येशीलच, यात त्यांना काडीचीही शंका नाही. मी सगळं वहीत टिपून घेतलं. गिऱ्हाइकाने मागितलं ते काढायचं असतं.

हेमसिंगनं गाठलं. तो आता हमालांचा मुकादम आहे. तू होतास तेव्हाच झाला होता बहुतेक. चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "टीनाताई, ह्या मशीनले मानसं किती लागन?"

"दोन. फार तर तीन."

"अन् बाकीचे आमी?"

"ते पप्पा ठरवतील."

"शेठ म्हनते टीनाले इचारा."

मी म्हटलं, मी फक्त डिझाइन करते. तो हसला. "पारसभाऊ बी असेच म्हनत. मी फक्त हिशोब पाह्यतो म्हनत." त्यात कडवटपणा नव्हता. माझ्या चहाचे पैसेही त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत.

लखमाची बायको हिरीबाई अजून मिलमध्ये डाळ निवडायला येते. मला पाहून हात वर केला.

मम्मी सूर्य मावळायच्या आत ताट वाढते. मी पुण्यात किती वाजता जेवते, हे तिला सांगितलेलं नाही. तुझ्या संमतीचा विषय घरात कुणी काढला नाही, मीही नाही. केबिन कुठे बसवायची यावर मात्र तासभर चर्चा झाली.

टीना


पुणे, ११ सप्टेंबर

भैय्या,

पप्पांना मशीन दिवाळीच्या आत हवी आहे, म्हणून इथे सगळं घाईनं चाललं आहे. उभा खांब आणि मोटर तयार मिळाली, दुसऱ्या एका रद्द झालेल्या कामातली. पंजा, पट्टा, कुंपण हे सगळं माझं.

पहिल्या चाचणीत पंजानं कट्टे फाडले. कारंज्याहून मागवलेली आपलीच तुरीची डाळ वर्कशॉपभर सांडली. वेल्डर, फिटर, सगळ्यांनी डबे भरून नेली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या डब्यात वरण. माझ्या साहेबांनी विचारलं, हे असंच ठेवायचं का, पोरं खूश आहेत.

चूक समजायला वेळ लागला. ताजा शिवलेला कट्टा हवेनं फुगलेला असतो. तो उशीसारखा गोल असतो, त्यामुळे बोटं खाली न जाता पोटात घुसतात. रविवारी मी घरी पलंगावर उशी ठेवली आणि स्वयंपाकघरातलं उलथणं तिच्याखाली वेगवेगळ्या कोनांतून सारत बसले. उशी आधी दाबली की उलथणं सहज जातं, आणि उलथण्याचं टोक किंचित वर असेल तर शिवणीत अडकत नाही. तेवढ्यासाठी पट्ट्यावर कट्टा दाबणारा एक जड रूळ वाढवला आणि बोटांची टोकं घासून गोल केली. त्यानंतर दिवसभर चालवली. एकही कट्टा फाटला नाही. संध्याकाळी मी पार्किंगमध्ये गाडीत नुसतीच बसून राहिले. पोट दुखत होतं, तेव्हा आठवलं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

आता तुझ्या फोनविषयी.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून क्षमा मागणारे फोन येत होते, त्यात एक अनोळखी नंबर दिसला. मला वाटलं, बेअरिंगवाला. तू म्हणालास, "उत्तम क्षमा, टीना." तीन वर्षांनी आवाज ऐकला. सर्दी झाल्यासारखा होता. मी क्षमा वगैरे म्हटलं नाही, पप्पांचा प्रश्न विचारला. लखमामुळे गेलास का?

तू म्हणालास, "नाही गं. लखमा गेला त्याच्या कितीतरी आधी माझं ठरलं होतं. तो गेला म्हणून उलट थांबलो. पप्पा खचले होते, लगेच कसा निघणार?"

मी म्हटलं, मग त्यांना हे सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की मी आधीपासूनच जाणार होतो. लखमावर ढकललं, ते त्यांना सोपं गेलं." मग विचारलंस, "मशीन कशी आहे?"

मी म्हटलं, चाचणी चालू आहे. मागून कुणी तरी तुला हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

म्हणजे कट्टे उचलले जावोत की न जावोत, तू येणार नव्हतासच. हे तुझ्या तोंडून कळलं ते बरं झालं. पप्पांना अजून बोलले नाही. मशीन गाडीत भरायची आहे, केबिनच्या काचा यायच्या आहेत. आत्ता सांगितलं तर सगळंच विस्कटेल. बसली की सांगेन. या कारणात मला तरी काही खोट दिसत नाही.

टीना


कारंजा, १२ ऑक्टोबर

भैय्या,

मशीन बसली. दसऱ्याला पप्पांनी तिला हार घातला, आपट्याची पानं पंजावर ठेवली. ती मी चालू करण्याआधी काढून खिशात टाकली, नाहीतर सेन्सरनं त्यांनाच कट्टा समजलं असतं.

थोडा त्रास झाला. डाळीची धूळ सेन्सरच्या काचेवर बसते, त्यावर हवेचा फवारा द्यावा लागला. दुपारी वीज कमी दाबानं येते, तेव्हा मोटर अडखळते. पण चालते. पट्ट्यावरून कट्टा येतो, रुळाखाली दबतो, पंजा उचलतो, वळतो, ठेवतो. हमाल कुंपणाबाहेर रांगेनं उभे राहून बघत होते. एक जण पंजासोबत मान वळवत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

हिरीबाई निवडायचं काम सोडून आली. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, "हे पडलं तं कोनाच्या अंगावर पडन?"

"कुणाच्याच नाही. आत माणूस जाऊच शकत नाही."

"काहून नाई? दार तं हाये."

मी म्हटलं, दार उघडलं की ती थांबते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गेट ओढलं. कट्टा हवेत, पंजा तिथेच थांबला. तिनं गेट लावलं. हेमसिंगनं पॅनलवर बटण दाबून मशीन परत चालू केली. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा थांबली. हेमसिंग ओरडला, "काकी, कायले तरास देऊन राह्यली मशीनले!" ती म्हणाली, "चूप राय. पाहू दे मले." पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मी हेमसिंगला खूण केली, करू दे. शेवटी तिनं गेटला हात लावून ते नीट बसलं का पाहिलं, पदरानं हात पुसले आणि डाळीकडे गेली. माझ्या कामाची तपासणी आजवर बऱ्याच लोकांनी केली आहे. असा घाम कधी फुटला नव्हता.

त्या संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. ते वर केबिनमध्ये होते. खुर्चीवरचं प्लास्टिक त्यांनी काढलेलं नाही आणि तिच्यावर ते बसतही नाहीत. शेजारी स्टूल टाकून बसतात. काचेतून खाली पाहत होते. चेहरा असा फुललेला, की तो मी तुझ्या दहावीच्या निकालाला शेवटचा पाहिला होता.

मी म्हटलं, "पप्पा, पारस यासाठी येणार नाही. तो लखमापायी गेलाच नव्हता. आधीच ठरलं होतं त्याचं."

"कोण म्हणते?"

"तोच म्हणाला. फोन आला होता."

"कधी?"

"क्षमावाणीला."

ते खालीच पाहत राहिले. एक कट्टा आला, उचलला गेला. दुसरा आला.

"क्षमावाणीले. अन् आज सांगून राह्यली."

"मशीन बसायची होती."

"मी ऑर्डर रद्द केली असती म्हणून."

खाली दुसरा कट्टा पाटावर बसला.

"म्या पारससाठी घेतली मशीन," ते म्हणाले. "तू कोणासाठी बनोली?"

खोटं बोलण्याइतका वेळ होता. मी म्हटलं, "माझ्यासाठी."

ते उठले. केबिनचा जिना मी तुझ्या पायांच्या मापानं काढला होता, पायऱ्या उंच आहेत. पप्पांच्या गुडघ्यांचा विचार मी केलाच नव्हता. ते अंग तिरकं करून, कठडा धरून एकेक पायरी उतरले. मी हात पुढे केला. त्यांनी धरला नाही.

त्यानंतर आमचं बोलणं नाही. जेवताना मीठ हवं असेल तर ते मम्मीला सांगतात आणि मम्मी माझ्यापुढचं उचलून देते.

हमालांचं झालं ते असं. हेमसिंग पॅनलवर राहिला, त्याच्याबरोबर दोघे. बाकीच्यांपैकी काहींना वाशीमला एका गोदामात काम लागलं. उरलेले दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणार आहेत. त्यांच्यातल्या एकानं जाताना मला विचारलं, ऊस तोडायची मशीन पण तुम्हीच बनवता का. मी म्हटलं, नाही, ती दुसरे बनवतात.

तुझ्या दीक्षेची तारीख कळली. मम्मीनं पूजेची पांढरी साडी धुऊन इस्त्रीला दिली आहे.

टीना


पुणे, १६ नोव्हेंबर

वर काही लिहिलेलं नाही, कारण तुझं नवं नाव लिहायला हात अजून तयार नाही आणि जुनं आता लिहायचं नाही. मुनिपदाच्या अलीकडच्या पायरीवर असलेल्या क्षुल्लकजींना 'आपण' म्हणायला हवं, हेही मला माहीत आहे. या एका पत्रापुरतं 'तू' राहू दे. संघ गावोगाव पायी विहाराला निघाला आहे, तेव्हा पत्ता नाही. दर्शनाला जाणाऱ्यांच्या हाती हे देते आहे. उत्तर नको.

दीक्षेच्या मंचावर जे झालं ते तू पाहिलंस. तुला जे दिसलं नाही तेवढंच लिहिते.

दिवाळीच्या दिवशी मंदिरात महावीर निर्वाणाचा लाडू चढवून आल्यावर मम्मी म्हणाली, "मी जाऊन राह्यली. एका जणाची तरी संमती त्याले भेटू दे." पप्पा चपला काढत होते. मी दोन तिकिटं काढली, मम्मीचं आणि माझं. निघायच्या सकाळी अंगणात येऊन पाहते तर गाडीत पप्पा बसलेले. मांडीवर डाळीची पिशवी. म्हणाले, "तिथं महाराजायच्या जेवणाच्या चौक्यात लागन ना डाळ. तिकडची डाळ शिजत नाही." हे ते ड्रायव्हरला म्हणाले. बडनेरा स्टेशनपर्यंत पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. त्यांच्या तिकिटासाठी मी टीसीच्या मागे डबाभर फिरले. शेवटी माझ्या बर्थवर ते झोपले आणि मी मम्मीच्या पायाशी बसून गेले. झोपेत त्यांचं तोंड उघडं राहतं. मला हे माहीत नव्हतं.

आचार्यश्रींनी संमती विचारली तेव्हा पप्पा काय बोलले ते तू ऐकलंस, पण तुझं तोंड दुसरीकडे होतं, म्हणून ते कसे बोलले ते सांगते. आधी त्यांनी माइक उलटा धरला. कुणी तरी सरळ करून दिला. मग ते हिंदीत बोलायला गेले आणि हिंदी आली नाही.

"महाराज," ते म्हणाले, "ह्याले परत आणाले म्या मिलमधी मशीन बसोली. मशीन लय चांगली चालते. हा काही आला नाही. आता 'नाही' म्हणाले माह्याजवळ काही उरलं नाही. घ्या तुम्ही."

लोक हसले. तूही हसलास का ते मला दिसलं नाही. मग मंडप एकदम शांत झाला, कारण पप्पा माइक परत द्यायला विसरले होते आणि त्यांचा श्वास सगळ्या भोंग्यांतून ऐकू येत होता.

हातानं केस उपटून केशलोच चालू असताना तुझे डोळे मिटलेले होते. तुझे केस झेलायला मम्मीनं पांढरं कापड धरलं होतं. दोन्ही टोकं तिच्याच हातात, आणि कापडाला मध्ये झोळ पडत होता. पप्पा तिच्यामागे उभे होते. थोड्या वेळानं ते पुढे आले आणि कापडाचं दुसरं टोक त्यांनी धरलं. शेवटपर्यंत धरलं. मी मंचाखाली होते. मी हे पाहिलं, तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिलं.

परतीच्या गाडीत ते माझ्यासमोर बसले. खिडकीबाहेर पाहत होते. इटारसीला चहा घेतला, एक मम्मीला दिला आणि एक माझ्यापुढे ठेवला. मी चहा प्याले. मी बडनेऱ्याला त्यांना गाडीत बसवून तशीच पुण्याला आले.

परवा दुपारी मी डिझाइन रिव्ह्यूमध्ये होते. एका औषध कंपनीसाठी बाटल्या उभ्या करणारी मशीन आहे. साहेबांनी तीही मला दिली आहे. पप्पांचा फोन आला. मी कापला. परत आला. मी बाहेर जिन्यात गेले.

"टीना, तुह्यी मशीन बंद पडली."

मी विचारलं, पॅनलवर काय लिहून आलंय.

"हेमसिंग जेवाले गेला. लाल लाइट आहे. इंग्रजीत काहीतरी आहे."

"वाचा ना."

त्यांनी एकेक अक्षर वाचलं. हवेचा दाब कमी. मी म्हटलं, कंप्रेसर चालू आहे का? चालू आहे म्हणाले. मग त्याच्या टाकीखाली एक छोटी तोटी आहे, ती उघडा. पाणी साचलं असेल.

"मी उघडू?"

"तुम्हीच. हळू उघडा, जोरात येईल पाणी."

फोन कुठे तरी ठेवल्याचा आवाज आला. मग फस्स करून हवा सुटली आणि पप्पा मोठ्यानं ओरडले. मी घाबरले. मग ते हसत होते. माझं धोतर ओलं झालं, असं कुणाला तरी सांगत होते. बहुधा हिरीबाईला, कारण तिचंही हसणं ऐकू आलं. पप्पा असे हसलेले मला कधीचे आठवत नव्हते.

फोन पुन्हा कानाला लागला. "झालं. आता?"

"तोटी बंद केली? आता पॅनलवरचं निळं बटण दाबा. मग हिरवं."

त्यांनी दाबलं. मी ऐकत होते. आधी हवा भरल्याचा आवाज, मग पट्टा, मग पंजाचा तो खट्ट असा ठोका. मी समजले की त्यांनी फोन कुंपणाजवळ नेऊन धरला आहे, मला ऐकू यावं म्हणून.

"बरोबर चालून राह्यली का?" त्यांनी लांबून विचारलं.

मी म्हटलं, "थांबा, ऐकू द्या." रूळ जिथे कट्टा दाबतो तिथे कधी कधी घासल्यासारखा आवाज येतो, तो येतोय का पाहत होते. येत नव्हता. मशीन अगदी ठीक होती. आत सगळे माझी वाट पाहत बसले होते. साहेब एकदा दारापर्यंत येऊन गेले.

"पप्पा, अजून थोडं धरा," मी म्हटलं.

त्यांनी धरून ठेवला.

टीना